वर्गात दोन खुशी

आमच्या बालमंदिरात नवीन मूल कधी एकटं यायचं नाही. त्याच्याबरोबर आई, आजी, कडेवरचं धाकटं भावंड आणि बिस्किटाचा एक पुडा असा लवाजमा असायचा. पुडा मुलाच्या हातात, मूल आईच्या पदरात, आणि आई माझ्याकडे बघून सांगायची, "बेन, ये बहोत होशियार है, बिलकुल नहीं रोता." तिचं सांगून होईपर्यंत होशियार मुलानं भोकाड पसरलेलं असायचं.

सत्तावीस वर्षं मी हे पाहिलं. गेल्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हापासून सकाळी साडेनऊला कुणी रडत नाही याची सवय करून घेते आहे.

आमचं बालमंदिर गोडादऱ्यात, एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत. आजूबाजूला लूमचे कारखाने. त्यांची खटखट इतकी सारखी की लाइट गेली आणि लूम थांबले की मुलं दचकायची. बाप दिनपाळीला नाहीतर रातपाळीला, आया घरीच साड्यांचे लोंबणारे धागे कापायच्या नाहीतर लेस लावायच्या. बहुतेक घरं माझ्यासारखीच खानदेशातली. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. मुलं तिन्हींची मिसळ करून बोलायची आणि रागावली की आजीच्या भाषेवर यायची.

खोलीत मी आणि मंजुबेन अशा दोघी. मंजुबेन आमची तेडागर. घरोघर जाऊन मुलांना गोळा करून आणते ती तेडागर. मूळची सुरतचीच, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, कामाला वाघ आणि शिक्षणशास्त्राबद्दल तिला काडीचा आदर नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, नवीन मूल आलं की बाईंचं काम म्हणजे त्या मुलाला रमवणं. ते होतं आपोआप. खरं काम आधीपासून बसलेल्या तीस जणांवर करावं लागतं. तीन-चार वर्षांचं मूल म्हणजे मोठा जमीनदार असतो. चटईचा अमुक कोपरा त्याचा, लाल बादली त्याची, दप्तर अडकवायचा खिळा त्याचा, आणि बेनची मांडी तर वडिलोपार्जित. नवीन मूल दारात उभं राहिलं की या तीस जमीनदारांना एकच शंका येते, की आता हा काय काय घेणार?

आणि ते कुणाला कशावरून आत घेतील याचा काही नेम नाही. एकदा एक ओडिया मुलगा आला. त्याचं बोलणं मला कळेना, मंजुबेनला कळेना, मुलांना तर नाहीच. मी काळजीत, की आता हा एकटा पडणार. पण मुलांनी दुपारपर्यंत ठरवून टाकलं की हा इंग्लिश बोलतो. झालं! त्याच्या शेजारी बसायला भांडणं लागली. एक आई येऊन मला म्हणाली, "ताई, आमच्या बाबूला पण त्या इंग्लिशवाल्याजवळ बसवा ना." मी बसवलं. महिन्याभरात तो मुलगा अहिराणीत भांडायला लागला आणि त्याचा भाव उतरला.

तर अशी सगळी चालती-बोलती तयार माणसं हाताशी असताना मला वरून प्रशिक्षणाला बोलावलं. विषय होता 'नवागत बालकाचं स्वागत.' दिवसभराचं प्रशिक्षण, शिकवायला एक तरुण मॅडम, भिंतीवर चित्रं. मॅडम म्हणाल्या, बालकाला वाटलं पाहिजे की मी माझ्या घरीच आलो आहे. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. परत आल्यावर मंजुबेनला सांगितलं तर ती म्हणाली, "घेर जवा माटे तो रडे छे." घरी जायचंय म्हणूनच तर रडतं ते! मी तिला म्हटलं, तुला नाही कळायचं.

मग मी कामाला लागले. पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट केला. भिंतीवर 'आमच्यात तुझं स्वागत आहे' असा फलक लावला, मराठीत आणि गुजरातीत, ज्यांना दोन्ही वाचता येत नाही अशा मुलांसाठी. तीस मुलांना टाळ्यांचं गाणं शिकवलं. शेवटी सगळ्यांनी एकदम ओरडायचं, "तुझं नाव काय?" मुलांना हे ओरडणं फार आवडलं. आता फक्त नवीन मूल हवं होतं.

ते आलं उत्तरायण होऊन गेल्यावर. तारांवर अजून पतंग लटकत होते.

मुलगी होती. चार वर्षांची, सडपातळ, केस तेल लावून घट्ट बांधलेले, पाठीला दप्तर. तिची आई सुनीता परभणीकडची. नवरा-बायको चलथाणच्या बाजूला ऊसतोडीला आले होते. तिथून कुणाच्या तरी ओळखीनं नवऱ्याला गोडादऱ्यात लूमवर काम मिळालं, म्हणून आठ दिवसांपूर्वी इथं खोली घेतली. सुनीता मला बेनही म्हणेना, ताईही म्हणेना. तिकडच्या रिवाजाप्रमाणे 'बाई' म्हणाली. अर्जात आईचं नाव विचारलं तेव्हा जरा थांबून म्हणाली, "सुनीता लिहा." मला घाई होती, मुलीचं नाव लिहितानाही माझं लक्ष नव्हतं. मुकुट वाळून तयार होता.

मी मुलीला वर्गाच्या मधोमध उभं केलं. मुकुट घातला, तो कानांपर्यंत खाली आला. तीस मुलांनी टाळ्या सुरू केल्या. खोली लहान, आवाज घुमायला लागला. आणि मग सगळी एकदम तिच्या तोंडावर ओरडली, "तुझं नाव काय?"

ती मुलगी पांढरी पडली. पण धीराची. ओठ हलले आणि अगदी बारीक आवाज आला, "खुशी."

वर्ग गप्प झाला. असा गप्प की बाहेरचे लूम ऐकू यायला लागले. सगळ्या माना एका बाजूला वळल्या. तिथं चटईच्या मधल्या जागेवर खुशी बसली होती. आमची खुशी.

ही आमची खुशी म्हणजे वर्गाची मुकादम. गोबरी, तरतरीत, आवाज दणदणीत. कुणी कुठं बसायचं, कुणी कुणाशी कट्टी करायची हे ती ठरवायची. ती उठून उभी राहिली, लालबुंद झाली आणि अहिराणीत किंचाळली, "ते मनं नाव शे! तिले सांगा ना बेन, ते मनं नाव शे!"

ते माझं नाव आहे. नव्या पोरीनं आल्या आल्या खिळा नाही, बादली नाही, थेट नावच उचललं होतं. आमच्या खुशीनं हंबरडा फोडला. तिच्या मागोमाग निम्मा वर्ग रडायला लागला, कारण मुकादम रडतेय म्हणजे काहीतरी भयंकर झालं असणार. आणि मधोमध, मुकुट घातलेल्या त्या पोरीच्या पायांखाली ओघळ आला. तिला शू झाली होती.

मंजुबेननं तिला उचललं, मोरीत नेलं, दुसरी चड्डी घातली. मुकुट काढून कपाटावर ठेवला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "थई गयुं स्वागत?" झालं का स्वागत?

दुसऱ्या दिवशी आमची खुशी आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई आली.

वैशाली शिरपूरकडची, चांगली बाई. पाण्याची टाकी भरली नाही की तीच धावायची, पंखा बंद पडला की तीच माणूस आणायची. तिचे सासरे सोसायटीचे प्रमुख. बालमंदिराची खोली त्यांच्या शब्दावर टिकून होती. ती हे कधी बोलून दाखवत नसे. तशी गरजच नव्हती.

"उषाताई," ती म्हणाली, "पोरगी दोन दिवस जेवली नाही. रडते, म्हणते माझं नाव गेलं. मला सांगा, एका वर्गात दोन खुशी कशा चालतील? तुम्हालाच त्रास. हजेरी घेताना काय करणार?"

मी म्हटलं, "अगं, लहान आहेत, दोन-चार दिवसांत विसरतील."

"तसं नको. ती नवीन आहे ना, तिलाच काहीतरी दुसरं म्हणा. लाडाचं. घरी काय म्हणायचं ते म्हणू दे ना तिच्या आईला. इथल्यापुरतं."

इथल्यापुरतं. किती सोयीचा शब्द! मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मीच उत्साहानं सुचवलं, "परी म्हणू या तिला. किती गोड नाव." वैशाली खूश झाली. मीही खूश झाले. आपण केवढ्या नाजूक प्रसंगातून खुबीनं वाट काढली असं मला वाटलं. त्याच दुपारी मी पुठ्ठ्याच्या पट्टीवर लाल स्केचपेननं 'परी' लिहिलं, बाजूला फुलपाखरू काढलं आणि तिच्या खिळ्याखाली डकवलं. सुनीताला विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी स्वतः माहेरची सिंधू, लग्नात नाव बदलून उषा झालेली. नाव बदलायला कुणाला विचारायचं असतं हे मला ठाऊकच नसावं.

आमची खुशी परतली. आपल्या जागेवर बसली. वर्ग सुरळीत झाला. फक्त परी काही केल्या परी होईना.

"परी, इकडे ये बेटा." ती यायची नाही. "परी, खाऊ घे." बघायची नाही. हजेरीला तिचं नाव आलं की खोली गप्प, आणि ती दप्तर पाठीला तसंच ठेवून दाराकडे तोंड करून बसलेली. आमच्या धंद्यात एक खूण असते. मूल दप्तर उतरवून ठेवेल त्या दिवशी ते खरं दाखल झालं. हिचं दप्तर तीन आठवडे पाठीवरून उतरलं नाही. मुलांनी पहिले काही दिवस हाका मारून पाहिल्या, मग सोडून दिलं. लहान मुलं वाईट नसतात, पण उत्तर न देणाऱ्या माणसासाठी त्यांच्याकडे वेळ नसतो.

मंजुबेन तिला परी म्हणत नव्हती. नुसतं "दीकरा" म्हणायची, म्हणजे बाळा, आणि हात धरायची. मी म्हटलं, "मंजुबेन, तूही परी म्हण, म्हणजे तिला सवय होईल." ती म्हणाली, "तुमे कहो. मारे तो काम छे." तुम्ही म्हणा, मला काम आहे.

आता माझ्या शहाणपणाचा कळस सांगते. मी निरीक्षणाच्या वहीत नोंद केली, 'बालिका हाकेला प्रतिसाद देत नाही. श्रवणाची तपासणी आवश्यक.' आणि सुनीताला बोलावून सांगितलं, "हिला नीट ऐकू येत नाही असं वाटतं. मोठ्या दवाखान्यात कान तपासून आणा."

सुनीताचा चेहरा उतरला. "घरी तर ऐकती, बाई."

"घरचं वेगळं असतं," मी म्हटलं. सत्तावीस वर्षांचा अनुभव नव्हता तेव्हा, पण वीस वर्षांचा होता, आणि तो माझ्या आवाजात पुरेपूर उतरला असणार.

ती गेली. लेस लावायचं काम एक दिवस बुडवून, पोरीला कडेवर घेऊन दवाखान्यात गेली. नवीन शहर, भाषा येत नाही, कुठल्या खिडकीवर कागद काढायचा ते कळेना. सकाळची गेलेली, दुपार टळल्यावर नंबर लागला. हे मला तिनं नंतर सांगितलं. तक्रार म्हणून नाही, मी विचारलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी राहिली. मुलं अजून यायची होती. मंजुबेन त्यांना आणायला गेली होती.

"डॉक्टरनी तपासलं, बाई. कान चांगले हायेत म्हणले." तिनं कागद पुढे केला. "डॉक्टर लांब गेले, पाठमोरे झाले आणि हळूच म्हणले, खुशी. तशी ही गर्रकन वळली."

"चला, बरं झालं," मी म्हटलं.

ती हलेना. "मंग मी इचार करीत आले. बाई, तुम्ही हिला काय म्हणून हाक मारता?"

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तीन आठवडे ती पोरीला सोडायला-न्यायला येत होती, त्या खिळ्याखालच्या पट्टीवरचं फुलपाखरू बघत होती. तिला वाटलं होतं, त्यावर खुशीच लिहिलंय.

मी खोटं बोलू शकले असते. बोलले नाही, यात माझा मोठेपणा काही नाही. मला तेवढ्यात काही सुचलं नाही एवढंच. मी सांगितलं. दोन खुशी झाल्या, गोंधळ व्हायला लागला, म्हणून इथल्यापुरतं परी म्हणतो.

सुनीतानं पट्टीवरच्या फुलपाखराकडे बघितलं. मग म्हणाली, "माझं नाव सुनीता न्हाई, बाई. सासरी ठेवलंय ते. माझं नाव नकुसा. चौथी पोरगी झाले मी, कुणाला नको होते, म्हणून. ही झाली तवा सासू म्हणली, हिचं नाव आत्या ठेवंल. मी म्हणलं, न्हाई. हिचं नाव मी ठेवणार. लई बोलणी खाल्ली. पण ठेवलं. माझ्या मनानं तेवढं एकच झालंय, बाई. तेवढं राहू द्या."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या आयांना उत्तर द्यायचा मला सराव होता. मी म्हटलं, "उद्यापासून खुशीच म्हणेन." ती मान हलवून गेली.

आता वाचणाऱ्याला वाटेल की मी दुसऱ्या दिवशी ताठ मानेनं हजेरीत खुशी, खुशी असं दोनदा म्हटलं असेल. नाही. उद्या आला तेव्हा मला वैशाली आठवली, तिचे सासरे आठवले, ही खोली गेली तर तीस मुलांचं काय, असे थोर विचार सुचले. मी ठरवलं की आधी वैशालीला विश्वासात घ्यावं. तिला निरोप पाठवला, दोन दिवसांनी भेटू. आणि ते दोन दिवस मी त्या मुलीला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. हजेरीत तिच्यापाशी आले की घसा खाकरायचे.

यातून सुटका केली ती आमच्या खुशीनं, आणि तीही तिच्या स्वार्थासाठी.

आमच्या मुलांचा आवडता खेळ म्हणजे साडीचं दुकान. दुसऱ्या गावची मुलं भातुकली खेळत असतील, आमची साड्यांची घडी घालून पार्सल बांधतात. वर्गात एक जुनी साडी होती. खुशी शेठाणी. बाकी सगळे कामगार. त्या दिवशी घडी घालायला दुसऱ्या टोकाला माणूस हवा होता. तिनं एकेकाला लावून पाहिलं. एकानं टोक तोंडात घातलं, एक साडीत गुंडाळून पडला, एकजण टोक घेऊन पळाला. पार्सलला उशीर होत होता, शेठाणी चिडली. तिची नजर दाराजवळ बसलेल्या मुलीवर गेली.

"ए परी, पकड!"

ती बघेना.

"ए नवीन! सुनती नहीं क्या?"

काही नाही. मी टेबलाशी वहीत डोकं घालून बसले होते. डोकं वहीत, कान तिकडे. खुशीनं माझ्याकडे एकदा बघितलं. मी ऐकत नाही अशी तिची खात्री झाली असावी. मग ती दोन पावलं पुढे गेली आणि आवाज एकदम खाली आणून, कुणाला कळू नये अशी, म्हणाली, "ए खुशी."

ती वळली.

"पकड ना," खुशी म्हणाली.

नवी मुलगी उठली. साडी धरायची तर पाठीवरचं दप्तर आडवं यायला लागलं. तिनं ते काढलं, जमिनीवर ठेवलं, आणि साडीचं टोक धरलं. आणि काय धरलं! दोन्ही हात लांब करून, काठाला काठ जुळवून, मध्ये हनुवटीखाली साडी दाबून. घरी आईबरोबर रोज साड्यांच्या ढिगात बसणारी पोर ती. झटक्यात घडी झाली. शेठाणी बघतच राहिली. तिच्या सगळ्या कारकिर्दीत असा कामगार तिला मिळाला नव्हता.

त्यांनी त्या साडीची सात-आठ वेळा घडी घातली. मंजुबेन मोरीच्या दारात उभी राहून बघत होती. मी वहीत काही लिहीत असल्याचं दाखवत होते. पानावर नुसत्या रेघा पडल्या होत्या.

मग शेठाणीनं जाहीर केलं, "सुनो सब! मी मोठी खुशी. ही छोटी खुशी. छोटी मेरे दुकान में काम करेगी."

आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती मुलगी वर्गात बोलली. स्पष्ट म्हणाली, "मी छोटी न्हाई."

"तू छोटीच आहेस."

"न्हाई. मी उंच हाये."

भांडण पेटलं. मी उठणार तेवढ्यात मंजुबेननं मला हातानं थांबवलं, दोघींना पाठीला पाठ लावून उभं केलं आणि डोक्यावर पट्टी ठेवली. सगळा वर्ग गोळा झाला. नवी मुलगी दोन बोटं उंच निघाली. आमच्या खुशीनं टाचा वर करून पाहिल्या, मंजुबेननं खांदे दाबून खाली आणल्या. मोजणी पुन्हा झाली. निकाल तोच.

मला वाटलं, आता पुन्हा हंबरडा. पण मुकादम ती मुकादमच. क्षणभर विचार केला आणि छाती काढून म्हणाली, "मग मी जुनी खुशी. मी आधी आले."

"मी उंच खुशी," दुसरी म्हणाली.

दोघींना आपलंच नाव जास्त चांगलं वाटलं. वर्गालाही पटलं. दुसऱ्या दिवशी हजेरीत मी 'उंच खुशी' म्हटलं आणि "हाजर बेन" असा खणखणीत आवाज आला. खिळ्याखालची पट्टी मी त्याआधीच काढली होती. डिंकानं भिंतीचा रंग थोडा निघाला.

वैशाली ठरल्याप्रमाणे आली. मी रात्रभर नसलं तरी सकाळभर वाक्यं जुळवली होती. मूल, त्याचं नाव, त्याचा हक्क वगैरे. मी पहिलं वाक्य काढलं तोच तिची लेक धावत आली. "मम्मी, मी जुनी खुशी! ती उंच आहे, पण ती नंतर आली."

वैशालीनं माझ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. चेहरा उजळला. "जुने तर आहोतच आपण," ती म्हणाली. "आम्ही आलो तेव्हा इथं शेत होतं, उषाताई." सुरतेत आमच्यासारख्यांची मोठी आणि छोटी घराणी अशीच ठरतात. आधीच्या गाडीनं आला तो जुना. प्रश्न मिटला. मुलाच्या हक्काबद्दलची माझी वाक्यं तशीच राहिली, ती मी पुढे एका बैठकीत वापरली.

त्याच महिन्यात प्रशिक्षणाच्या मॅडम तपासणीला आल्या. दोन्ही खुशी साडीची घडी घालत होत्या, एक हुकूम सोडत होती, दुसरी तो न ऐकता बरोबर काम करत होती. मी सांगितलं, ही नवागत. मॅडमनी फोटो काढला. म्हणाल्या, "पाहिलंत? नीट स्वागत केलं की मूल किती लवकर रुजतं." मी म्हटलं, "हो मॅडम." मंजुबेनला अचानक खोकला आला आणि ती बाहेर गेली.

मला सांगायचंय ते खरं तर यापुढचं आहे, आणि ते थोडंच आहे.

आमच्याकडची मुलं सांगून जात नाहीत. बापाचं काम सुटतं, खोली बदलते, एक दिवस मूल येत नाही, दोन दिवस येत नाही, मग मंजुबेन त्यांच्या दाराला कुलूप बघून येते आणि मी हजेरीतल्या नावावर रेघ मारते. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर सुनीता सांगायला आली तेव्हा मला नवल वाटलं. नवऱ्याला वापीकडे कारखान्यात काम मिळालं होतं. उद्या सकाळी निघायचं होतं.

मी म्हटलं, "सुनीता, मला तुला सांगायचं होतं. ते नावाचं... माझं चुकलं होतं. आणि दवाखान्याचंही."

"असू द्या, बाई," ती म्हणाली. त्यात माफी होती की घाई, मला अजून कळलेलं नाही. "तुमच्याकडं एक काम होतं. कागदावर हिचं नाव लिहून देता का? मोठ्या अक्षरात. तिकडच्या बाईंना आधीच दाखवीन."

मी कोरा कागद घेतला. मराठीत लिहिलं, गुजरातीत लिहिलं. खुशी. ती म्हणाली, "आनी लिहा, दुसरं ठेवू नका म्हणून." मी तेही लिहिलं. ती म्हणाली, "शिक्का हाये का?" मी कपाटातून बालमंदिराचा शिक्का काढला, शाई वाळली होती, थोडं पाणी घातलं आणि मारला. तिनं कागद उजेडाकडे धरून बघितला. तिला वाचता येत नव्हतं, तरी प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवलं. यावेळी तिला माझ्या लिहिण्यावर भरवसा नव्हता, आणि तो नसावा हेच बरोबर होतं. तिनं कागद मंजुबेनकडे दिला. "बघा वो, मावशी, खुशीच लिव्हलंय का?"

मंजुबेननं गुजराती ओळ वाचली. "खुशी," ती म्हणाली. मग सुनीतानं घडी घातली आणि पोलक्यात ठेवली.

सत्तावीस वर्षांत मी पुष्कळ कागदांवर शिक्के मारले. वरच्या कचेरीत ते कुठल्या गठ्ठ्यात आहेत देव जाणे. हा एक मात्र कुणीतरी जपून ठेवला असेल.

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घ्यायला बसले. एका नावावर रेघ मारली होती. आता एकच खुशी उरली होती, तेव्हा जुनी म्हणायचं कारण नव्हतं. मी नुसतं म्हटलं, "खुशी?"

उत्तर नाही. ती समोरच बसली होती, चटईच्या मधल्या जागेवर, साडीचं एक टोक मांडीवर घेऊन.

"अगं खुशी, तुलाच हाक मारतेय. हाजर म्हण."

तिनं आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोणती?" तिनं विचारलं.